उचल म्हणजे ॲडव्हान्स, हप्ता की कर्ज?

धागाकर्ती: साखर कारखान्याच्या एका बातमीत 'पहिली उचल' आणि 'प्रतिपोते उचल' असं एकाच परिच्छेदात वाचलं. पहिली शेतकऱ्याला, दुसरी कारखान्याला. माझा उसाशी संबंध रसवंतीपुरता. उचल म्हणजे नेमकं काय?

गावाकडचा: तिसरी राहिली की! हंगामाआधी मुकादम बीडकडच्या तोडणी कामगारांना एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, देतो तीही उचलच. ती तोडणीतून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला मानेवर. शेतकऱ्याचं उलटं. ऊस आधीच गेलेला, त्यामुळे त्याची उचल म्हणजे त्याच्याच पैशाचा पहिला हप्ता. तिला उचल म्हणणं मला पटत नाही, पण तोंडात बसलंय.

बँकेतला निवृत्त: कारखान्याकडून बघा. गाळप चार-पाच महिने, साखर विकायची वर्षभर. 2018 पासून तर कुणी महिन्याला किती विकायची तो कोटाही केंद्र सरकार ठरवतं. इकडे ऊस नियंत्रण आदेश, 1966 सांगतो की ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, द्या. ही तफावत भागवायला खेळतं भांडवल लागतं. साखर तारण ठेवली की बँक पोत्याचं मूल्यांकन करते, त्यातून मार्जिन, म्हणजे सुरक्षेसाठी राखायचा हिस्सा, कापते. उरते ती उचल. मंजूर मर्यादा कितीही असो, जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज. म्हणून शब्द 'उचल'. साखरेचा भाव पडला की मूल्यांकन उतरतं, मग कारखान्याची उचल घटते आणि शेतकऱ्याची रखडते.

धागाकर्ती: हे नजरतारण ना?

बँकेतला निवृत्त: नाही, मालतारण. गोदामाला कुलूप बँकेचं. पैसे भरले की तेवढी पोती सुटतात. नजरतारणात माल धंदेवाल्याच्याच ताब्यात, बँकेची फक्त नजर. इचलकरंजीत यंत्रमागवाल्याच्या सुताला कुलूप लावलं तर माग कशावर चालणार? तो दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो. (ते किती खरं असतं, यावर वेगळा धागा काढा.)

धागाकर्ती: आणि भांडवल 'खेळतं' का? हिंदीत 'कार्यशील पूंजी' म्हणतात.

गावाकडचा: हवा खेळती असते, सरीत पाणी खेळवतात, तसंच. कुठे तुंबू न देता फिरवायचं. मला हिंदीपेक्षा आपला शब्द नेमका वाटतो, कारण पैसा गोदामात नाहीतर उधारीत तुंबला की धंदा बसतो. बचत गटाचा 'फिरता निधी' मात्र वेगळा, तो सदस्यांना अंतर्गत कर्ज द्यायला असतो.

धागाकर्ती: मग उचल 'केली' म्हणायचं की 'घेतली'?

बँकेतला निवृत्त: कारखान्यानं उचल केली. कर्जखात्यातून रक्कम काढली की आम्ही असंच म्हणायचो.

गावाकडचा: कोयत्यानं घेतली. शेतकऱ्याला मिळाली, मिळाली तर.