मदत हवी आहे : पेशींवरच्या प्रयोगातला आकडा रक्तातल्या पातळीशी ताडायचा की फुप्फुसातल्या?

नमस्कार मंडळी,

एम. फार्म.च्या सेमिनारसाठी 'कोविडसाठी जुनी औषधं' हा विषय घेतलाय आणि एका जागी पार अडकलेय. फार्माकोकायनेटिक्समधल्या (औषध शरीरात कुठे, किती पोचतं याच्या अभ्यासातल्या) जाणकारांनी कृपया मदत करावी.

आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचा हिशेब कळतो. २०२० मधल्या प्रयोगात प्रयोगशाळेत वाढवलेल्या व्हेरो पेशींवर ५ मायक्रोमोलर औषध घातल्यावर ४८ तासांत विषाणूचा आरएनए सुमारे ५००० पट घटला. आलेख बघून कुणालाही हुरूप यावा. पण निम्मा परिणाम दिसायलाच सुमारे २ मायक्रोमोलर लागतं, आणि किलोला २०० मायक्रोग्रॅम या नेहमीच्या डोसनंतर रक्तातली सर्वोच्च पातळी त्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याइतकीही भरत नाही. त्यातलंही बहुतेक औषध प्रथिनांना चिकटलेलं.

गाडी अडते ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरिया-लूपसवरच्या औषधापाशी. ते ऊतींमध्ये साठतं, फुप्फुसातही. म्हणजे 'पातळी पुरली नाही' एवढं सांगून सुटका होत नाही. तरी रिकव्हरी या ब्रिटनमधल्या मोठ्या रुग्णचाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. मला पटलेलं कारण असं : व्हेरो या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. त्यांत विषाणू एंडोसोममधून (पेशीने आत ओढलेल्या आम्लयुक्त पिशवीतून) शिरतो आणि औषध नेमकी तिथली आम्लता कमी करतं. फुप्फुसाच्या पेशीवर टीएमपीआरएसएस२ हे एंझाइम असतं, त्यामुळे विषाणू थेट पृष्ठभागावरूनच आत जातो. कॅलू-३ या फुप्फुसाच्या पेशींत क्लोरोक्विन (हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचंच भावंड) चाललं नाही ते म्हणूनच.

आता प्रश्न. अशा औषधाची ईसी५० (निम्मा परिणाम देणारी पातळी) रक्तातल्या मुक्त, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेल्या पातळीशी ताडायची की फुप्फुसातल्या? फुप्फुसाचा तुकडा वाटून मोजलेल्या आकड्यात लायसोसोममध्ये (पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांत) अडकलेलं औषधही येतं. ते वजा कसं करतात?

दुसरं, सेमिनारसाठी मी औषधांची ईसी५० आणि शरीरातली पातळी शेजारी मांडणारा तक्ता करतेय. गाइड म्हणतात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडही याच तक्त्यात घे. मला ते पटत नाही. ते विषाणूला हात लावत नाही, भडकलेली प्रतिकारशक्ती आवरतं. रोज ६ मिलिग्रॅमने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, पण ऑक्सिजन न लागलेल्यांना फायदा दिसला नाही. तिथे ईसी५० कसली मांडायची? वेगळा तक्ता केला तर चालेल ना?

माझ्या आत्याला लूपस आहे. २०२० मध्ये तिच्या रोजच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या, स्ट्रिपमध्ये शेवटच्या चार उरल्या तेव्हा ती एकाआड एक दिवस घेऊ लागली. त्यामुळे हे नीट समजून घ्यायचंच आहे. सेमिनार पुढच्या शुक्रवारी आहे, एखादा चांगला रिव्ह्यू सुचवलात तरी फार उपयोग होईल.