मायक्रोकंट्रोलरचं (छोट्या संगणक-चिपचं) सर्किट डब्यात बंद केल्यावर रीसेट आणि बूटची बटणं बाहेर हवीत की नकोत?

खटपट्या
बूटचं बटण दाबून रीसेट केलं की चिप तारेने नवं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) घेते. वायफायवरून अपडेट होतं, म्हणून ते बटण डब्यातच ठेवायचं, असं काही जण म्हणतात; हे मला पटत नाही. नवं फर्मवेअर वायफाय सुरू होण्याआधीच कोसळलं तर पुढचं अपडेट घेणार कोण? ईएसपी३२ या वायफाय चिपवर दोन ओटीए विभाग (बिनतारी अपडेटसाठीच्या जागा) ठेवून रोलबॅक, म्हणजे बिघडलं तर जुन्या फर्मवेअरवर परतणं, चालू करता येतो, मान्य. पण ‘मी ठीक चाललोय’ हे नव्या फर्मवेअरनेच सांगायचं असतं, आणि लोक ती कबुली सुरुवातीलाच देऊन मोकळे होतात. मग रोलबॅक हवाय कशाला? टाचणीएवढी दोन भोकं पाडा, मागे रीसेट आणि जीपीआयओ-० (ईएसपी३२ची बूटची पिन) ची बटणं बसवा.

बंद_डबा
भोक आलं की पाणी आलं, धूळ आली. शिवाय रीसेटला लांब तार जोडली की ती अँटेनाच. शेजारी मोटर किंवा रिले असेल तर उगाचच रीसेट होत राहील. एव्हीआर या जातीच्या चिपचा रीसेट पिन तर फारच नाजूक: १२ व्होल्टवर प्रोग्रामिंग करता यावं म्हणून त्यावर व्हीसीसीकडे (चिपच्या वीजपुरवठ्याकडे) जाणारा संरक्षक डायोडच नसतो. आणि रोलबॅक चुकीचा वापरला हा रोलबॅकचा दोष नव्हे. सर्व्हरशी बोलणं झाल्यावरच ‘ठीक’ म्हणावं.

खटपट्या
आणि त्या दिवशी सर्व्हरच बंद असला तर? चांगलं फर्मवेअरही मागे फिरणार. तारेतल्या विद्युत गोंगाटासाठी १० किलोओहमचा पुलअप (पिन व्हीसीसीला जोडणारा रोध) आणि चिपलगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बहुतेक वेळा पुरतो.

तिसरा_पिन
अहो, अडॅप्टरवर चालणाऱ्या वस्तूला रीसेट बाहेर हवाच कशाला? वीज काढा, पुन्हा घाला. (बॅटरी आत सील केली असेल तर गोष्ट वेगळी.) बाहेर हवा तो बूटचा मार्ग, आणि त्याला भोक लागत नाही. जीपीआयओ-० ते ग्राउंड असा रीड स्विच (चुंबकाने जुळणारा स्विच) डब्याच्या प्लास्टिकच्या भिंतीला आतून चिकटवा. बाहेरून चुंबक धरून वीज दिली की चिप डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे नवं फर्मवेअर घ्यायला तयार. ती पिन रीसेटच्या क्षणीच वाचली जाते, त्यामुळे नंतर चुंबक जवळ आला तरी बिघडत नाही. फक्त त्या पिनवर दुसरं काही जोडू नका.

बंद_डबा
हेच रास्पबेरी पाय पायको या बोर्डवर करून बघा! तिथलं बूटसेल (बूटचं) बटण फ्लॅशच्या, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीच्या, चिप-सिलेक्ट (ती मेमरी निवडणाऱ्या) तारेवर बसलंय. प्रोग्राम त्याच फ्लॅशमधून चालत असतो; मध्येच चुंबक आला की संपलं.

तिसरा_पिन
खरंय, तिथे बूटसेलला हात लावू नये. रन पिन (तिथला रीसेट) बटण लावून बाहेर काढा आणि एसडीकेमधली (पायकोच्या अधिकृत कोड-संचातली) दोनदा रीसेटची लायब्ररी जोडा: बटण पटापट दोनदा दाबलं की बूटसेल मोड. हा कोड मेनच्या (तुमच्या मुख्य फंक्शनच्या) आधी चालतो, म्हणून तुमचा प्रोग्राम पुढे कितीही कोसळो.

कुलूपकिल्ली
बाहेरून बूट म्हणजे कुणीही यावं, फर्मवेअर वाचून न्यावं!

खटपट्या
डबा ४ स्क्रूंचा असतो हो. चोरी थांबवायची तर फ्लॅश एन्क्रिप्ट करा, फर्मवेअरवर सही तपासा. एसटीएम३२ चिपवर वाचनबंदी आहेच, पण तिची पातळी २ लावलीत की बहुतेक मालिकांत परतीचा रस्ता नाही, एवढं ध्यानात ठेवा.

बंद_डबा
चुंबकाचं पटलं. पण डाउनलोड मोडमध्ये गेलेल्या चिपशी बोलायचं कुठून? यूएआरटीला (फर्मवेअर पाठवायच्या सीरियल तारांना) भोक लागणारच की.

तिसरा_पिन
वीज आत जाते तिथूनच. दोनऐवजी ४ पिनांचा जलरोधक कनेक्टर घ्या, उरलेल्या दोहोंवर यूएआरटीच्या टीएक्स (पाठवण्याची) आणि आरएक्स (घेण्याची) तारा.