शब्दचर्चा : विकसकांच्या माहितीपानांवरील ‘डेप्रिकेटेड’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

मी कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. राजारामपुरीत दर आठवड्याला जमणारा आमचा एक लहान गट मीडियाविकीच्या विकसकांसाठी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांसाठी, असलेली माहितीपाने मराठीत आणण्याचे काम करतो. (‘विकासक’ म्हटले की आमच्याकडे इमारती बांधणारा डोळ्यांसमोर येतो, म्हणून आम्ही कटाक्षाने ‘विकसक’ लिहितो.) विकिपीडिया ज्या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो ती ही मीडियाविकी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, त्यामुळे संपादकांच्या कामाचे बरेचसे शब्द केव्हाच रुळले आहेत : साचा (अनेक पानांवर वापरता येणारा तयार मजकूर), धूळपाटी, प्रचालक, चावडी, आणि बॉटसाठी सांगकाम्या. कोड लिहिणाऱ्याला लागणारे शब्द मात्र अजून पक्के झालेले नाहीत, आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी नेमका तिथेच अडखळतो.

सध्या आमचे काम ‘डेप्रिकेटेड’ या शब्दापाशी थांबले आहे. मीडियाविकीतून एखादे फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, काढायचे ठरले, तरी ते एका रात्रीत काढत नाहीत. आधी कोडमधील टिपेत तशी नोंद होते. पुढच्या पायरीवर, ते फंक्शन कोणी वापरले की लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, इशारा उमटू लागतो. आणि असा इशारा निदान एका मोठ्या आवृत्तीत देऊन झाल्याशिवाय ते वगळू नये, असा प्रकल्पाचा नियम आहे. या मधल्या काळातील फंक्शनला डेप्रिकेटेड म्हणतात. आमच्या जुन्या मसुद्यात त्यासाठी ‘कालबाह्य’ हा शब्द होता. कागलची एक विद्यार्थिनी स्वतः लिहिलेल्या विस्तारातील (मीडियाविकीला जोडायच्या पूरक कोडमधील) बिघाड शोधत होती. मसुद्यात ‘कालबाह्य’ वाचल्यावर हे फंक्शन बंदच पडले असणार असे तिने धरले आणि बराच वेळ त्याच ओळी उलटसुलट करून पाहिल्या. फंक्शन व्यवस्थित चालत होते. चूक दुसऱ्याच फाइलमध्ये निघाली. तेव्हापासून ‘कालबाह्य’ बदलावा असे गटाचे मत झाले आहे. ‘नापसंत’, ‘बाद’ आणि ‘मोडीत काढलेले’ असे तीन शब्द पुढे आले आहेत, परंतु एकावरही मन स्थिर होत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

मॅडम, नमस्कार. आपल्या विद्यार्थिनीने जो अर्थ लावला, तोच मराठी वाचक लावणार. कालबाह्य औषध आपण फेकून देतो, कालबाह्य परवाना दाखवून गाडी चालवता येत नाही. म्हणजे मुदत उलटली आणि वस्तू निरुपयोगी झाली, असा या शब्दाचा रूढ अर्थ आहे. ‘बाद’ आणि ‘मोडीत काढलेले’ हे दोन्ही शब्द जिवंत आहेत, पण तेही काम उरकल्यानंतरचे आहेत. फंक्शन प्रत्यक्ष वगळले गेले की ‘बाद’ खुशाल वापरावा, ‘आवृत्ती १.३९ पासून बाद’ हे वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘नापसंत’मध्ये आवडीनिवडीचा भाव आहे, त्यामुळे तो निर्णय कोणा एकाच्या मर्जीचा वाटतो.

हा फरक विद्यार्थ्यांना समजावायचा असेल, तर नोटांचे उदाहरण हाताशी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या तेव्हाच्या नोटा त्याच मध्यरात्रीपासून कायदेशीर चलन राहणार नाहीत, अशी घोषणा झाली. १९ मे २०२३ रोजी दोन हजारांची नोट चलनातून मागे घेण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, तेव्हा ती कायदेशीर चलन म्हणून कायम राहील असेही सांगितले. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराच्या गल्ल्यातली ती नोट त्या दिवशी खोटी ठरली नाही, फक्त ती लवकर बँकेत भरून टाकणे शहाणपणाचे झाले. डेप्रिकेटेड फंक्शन हे या दुसऱ्या प्रकारात मोडते.

मी ‘त्याज्य’ सुचवतो. ‘त्यक्त’ म्हणजे टाकलेले आणि ‘त्याज्य’ म्हणजे टाकावे असे, हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे आणि इथे हवा आहे तोही नेमका तेवढाच. शिवाय या शब्दाचा एक मोठा व्यावहारिक फायदा आहे. मीडियाविकीच्या एपीआयची, म्हणजे इतर प्रोग्रॅमना तिच्याशी देवाणघेवाण करता येण्याच्या सोयीची, मदतपाने आपोआप तयार होतात आणि त्यांतील वाक्ये ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर सुटी-सुटी भाषांतरित होतात. त्यांत ‘डेप्रिकेटेड’ एवढा एकच शब्द असलेला एक संदेश आहे. तो कोणत्याही प्राचलाच्या (एपीआयला पुरवायच्या मूल्याच्या, म्हणजे पॅरामीटरच्या) वर्णनाआधी येऊन बसतो. इंग्रजीला त्याचे काही वाटत नाही, पण मराठीत ‘मागे घेतलेला’, ‘मागे घेतलेली’ की ‘मागे घेतलेले’ हे ठरवायला नाम समोर लागते. माहितीपानांवरच्या साच्यांतही हीच अडचण येते, कारण एकच साचा पद्धतीलाही (मेथडलाही) लागतो, फंक्शनलाही आणि हुकलाही (बाहेरचा कोड जोडण्यासाठी ठेवलेल्या जागेलाही). ‘त्याज्य’चे रूप मात्र लिंगाने किंवा वचनाने बदलत नाही : त्याज्य पद्धत, त्याज्य फंक्शन, त्याज्य हुक.

भाषांतरकाराने संदेशासोबतची ‘क्यूक्यूक्यू’ या संकेताखालची टीप वाचल्याशिवाय हात चालवू नये, असेही मी आग्रहाने सांगेन. संदेश कोठे दिसतो आणि त्यातील बदलत्या जागी काय भरले जाते, हे त्या टिपेत लिहिलेले असते. टीप अपुरी असेल तर ती सुधारून घेणे हेही दस्तऐवजीकरणाचेच काम आहे, आणि त्याचा लाभ मराठीबरोबर प्रत्येक भाषेला होतो. ‘कालबाह्य’ला आपण अगदीच रजा देऊ नये. मूळ इंग्रजी परिच्छेद बदलला आणि मराठी तसाच राहिला, की तो परिच्छेद पानावर गुलाबी पार्श्वभूमीवर दिसू लागतो. त्या भाषांतराला कालबाह्य म्हणणे सर्वस्वी योग्य आहे.

आणखी एक मत

‘त्याज्य’ अर्थाने बरोबर आहे, परंतु व्रतवैकल्यांच्या पुस्तकातून उचलल्यासारखा वाटतो. अमुक महिन्यात अमुक भाजी त्याज्य, असे आपण वाचत आलो आहोत. खुणेपुरता तो चालेल. पानाच्या पहिल्या वाक्यात मात्र साध्या मराठीत अर्थ उलगडून सांगितलाच पाहिजे.

याच अनुषंगाने ‘वर्ग’ या शब्दाकडे लक्ष वेधतो. मराठी विकिपीडियावर कॅटेगरीला (पानांच्या विषयवार गटाला) वर्ग म्हणतात आणि संगणकाविषयीच्या मराठी लेखनात क्लासलाही (कोडमधील माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या घटकालाही) वर्ग म्हटले जाते. मीडियाविकीच्या कोडमध्ये कॅटेगरी याच नावाचा एक क्लास आहे, म्हणजे त्याच्या पानावर ‘वर्ग हा वर्ग वर्गातील पानांची संख्या देतो’ अशा वाक्याची वेळ येते. संपादकांमध्ये रुळलेला अर्थ मोडू नये. विकसकांच्या पानांवर क्लासला ‘क्लास’च म्हणावे.

विचारणाऱ्याकडून

दोन्ही सरांचे आभार. खुणेसाठी ‘त्याज्य’, प्रत्यक्ष वगळल्यावर ‘बाद’, आणि क्लासला ‘क्लास’, हे आम्ही स्वीकारत आहोत.

स्पष्टीकरणाचे वाक्य रचताना मात्र नवाच पेच उभा राहिला, आणि तो मला शब्दाच्या निवडीहून अधिक महत्त्वाचा वाटतो. आम्ही प्रथम ‘याचा वापर थांबवावा’ असे लिहिले. आता ‘थांबवावा’ ही आज्ञा की सल्ला? शासकीय मराठीत ‘अर्ज विहित नमुन्यात सादर करावा’ म्हणजे तसे केलेच पाहिजे. उलट घरात ‘जरा लवकर निघावे’ म्हणजे निघालात तर बरे. तांत्रिक नियमांच्या इंग्रजीत ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ इंटरनेटच्या मानकांसंबंधीच्या १९९७ च्या आरएफसी २११९ या टिपणाने वेगवेगळे बांधून दिलेले आहेत आणि मीडियाविकीची धोरणपानेही तो भेद पाळतात. आमच्या मसुद्यात तिन्ही ठिकाणी ‘-वे’ आले होते, म्हणजे सक्ती कोणती आणि सवलत कोणती हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरला नव्हता. म्हणून सक्तीसाठी ‘केलेच पाहिजे’, शिफारशीसाठी ‘करणे इष्ट’ आणि मुभेसाठी ‘करता येईल’ असे आम्ही ठरवले असून, धोरणपानांवर ‘-वे’ अजिबात वापरायचे नाही असा नियम केला आहे. काही वाक्ये यामुळे थोडी ताठर होतात, हे मान्य आहे. परंतु नियम वाचणाऱ्याला गोडव्याआधी नेमकेपणा मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानुसार साच्यातील मजकूर पुढीलप्रमाणे राहील :

‘त्याज्य. हे अजून चालते, पण पुढील एखाद्या आवृत्तीत वगळले जाईल. नव्या कोडमध्ये याचा वापर टाळलाच पाहिजे. जुन्या कोडमधील वापर शक्य तितक्या लवकर बदलणे इष्ट. पर्याय खाली दिला आहे.’

पर्याय दिलेला नसेल तर साचा जतनच होऊ नये अशी सोय करता येते का, हे कोणी तपासून सांगितल्यास बरे होईल. ‘हे वापरू नका’ एवढे सांगून काय वापरायचे ते न सांगणारी पाने इंग्रजीतही आम्हाला आढळली आहेत, आणि तिथे पर्याय शोधून आधी मूळ इंग्रजी पान दुरुस्त करायचे व मग मराठीला हात घालायचा, असा क्रम गटाने या महिन्यापासून घातला आहे.