दोन नायकांच्या प्रेमकथा आणि आपण: इंदूरकर वाचकांनो, तुमचा अनुभव सांगा

वाचनवेडी (रामबाग)

मला दोन पुरुषांच्या प्रेमकथा वाचायला मनापासून आवडतात. इंग्रजी कादंबऱ्या, जपानी मांगा म्हणजे चित्रकथा, चिनी दानमेई म्हणजे तिकडच्या अशाच प्रेमकथा, फॅनफिक म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथा, जे हाती लागेल ते. कॉलेजात असताना ही गोडी लागली आणि आता लेक शाळेत जाते तरी सुटलेली नाही. आपल्या इंदुरात मराठी मंडळी पुस्तकांवर भरपूर बोलतात. सानंदच्या नाटकाच्या मध्यंतरात बोलतात, गणपतीत बोलतात, लग्नाच्या पंगतीत बोलतात. या पुस्तकांवर मात्र कुणाला बोलताना ऐकलं नाही, आणि वाचणारे आहेत हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हा धागा.

इकडे कसे वळलात, काय आवडतं, काय खटकतं, घरी माहीत आहे का, जे वाटेल ते लिहा. खरं नाव नको. दुसऱ्या कुणाची ओळख पटेल असा तपशीलही नको, एवढीच अट.

आधी माझं सांगते. नेहमीच्या प्रेमकथेत बाईने काय काय सोडायचं ते पहिल्याच प्रकरणात ठरलेलं असतं. गाव, आडनाव, बऱ्याचदा नोकरी. नायक दोन असले की लेखकाची ही सोय जाते. कोणी कोणाच्या गावी जायचं, आजारपणात रजा कोणी घ्यायची, पोळ्या कोणी करायच्या, मनातलं आधी कोणी बोलायचं, सगळं त्या दोघांना बसून ठरवावं लागतं. ही ठरवाठरवी वाचताना मला जे सुख होतं ते दुसऱ्या कुठल्याच वाचनात होत नाही. प्रसंग मोठा असायला नको. एकजण न विचारता दुसऱ्याच्या चहात साखर कमी घालतो, एवढ्यानेही माझे डोळे भरून येतात.

आणि शेवट गोड हवा. याबाबतीत मी हट्टी आहे. दोघांतला एकजण मरणार असेल तर पुस्तक कितीही थोर असो, मी ते हातात घेत नाही. मेलेले नायक पुष्कळ झाले.

रात्रपाळी (विजय नगर)

ताई, धागा बघून इतकं बरं वाटलं! मी फॅनफिकवाली. आमच्या शिफ्टच्या मधल्या सुट्टीत सगळे रील बघतात, मी कथा वाचते.

फॅनफिक म्हटलं की लोकांना तो शाळकरी पोरींचा खेळ वाटतो. त्यांना मी इतिहास सांगते. १९७० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडात ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्या, बहुतेक बायकाच, किर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाच्या कथा लिहायच्या आणि घरगुती छपाईच्या अंकांतून एकमेकींना पाठवायच्या. त्याच दशकात जपानमध्ये केइको ताकेमिया यांच्यासारख्या तरुण चित्रकार मुलींच्या मासिकांतून मुलग्यांच्या प्रेमाचे मांगा काढत होत्या. जगाच्या दोन टोकांना बायकांनाच ही गोष्ट लिहावीशी वाटली, यात काहीतरी आहे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा सगळ्या फॅनफिकचा आजचा साठा चाहत्यांनीच उभारला आणि तेच तो चालवतात. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्युगो पुरस्कार मिळाला, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही.

मला तिथली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे टॅग. कथा उघडायच्या आधीच लिहिलेलं असतं: शेवट गोड, किंवा मृत्यू आहे, किंवा हिंसा आहे. आणि माझा लाडका, स्लो बर्न. एक लाख शब्द होतात तरी दोघांनी हात धरलेला नसतो. धरतात तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात आणि मला कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटतं.

निळी शाई

मी स्वतः समलिंगी आहे. पस्तिशी उलटली आहे. नोकरी इंदुरात, घर इंदुरात, आई-बाबा इंदुरात.

माझी सुरुवात मराठीतून झाली. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली. पुण्याचं एक घर, भाऊ तनय आणि बहीण अनुजा, आणि त्यांच्याकडे राहायला आलेला एक पेइंग गेस्ट. दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. पहिला अर्धा भाग तनय सांगतो, आणि तो त्या निघून गेलेल्या माणसालाच ‘तू’ म्हणून सांगतो. इथे मराठी पुस्तक सहज मिळत नाही, पुण्याहून येणाऱ्याला सांगावं लागतं. मी मावसभावाला यादी दिली होती आणि त्या यादीत मधेच हे नाव टाकलं होतं, वर-खाली दोन ऐतिहासिक कादंबऱ्या. माझ्या मनातलं माझ्या आईच्या भाषेत छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. इंग्रजीत असं आधी वाचलं होतं, पण ते दूरच्या माणसांचं होतं. इथे वरण-भात होता आणि जिन्यावर पावलं वाजली की दचकणं होतं.

मग कायद्याचं झालं. २००९ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाही असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा सुटका. त्या नऊ वर्षांत मी सर्वांत जास्त प्रेमकथा वाचल्या. बाहेर आपण गुन्हेगार आहोत की नाही याचा घोळ चालू असताना, रात्री फोनवर दोन माणसं एकत्र घर घेत होती. मला त्याची औषधासारखी गरज होती. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला गेला, त्या रात्रीही मी बातम्या बंद करून एक आधी वाचलेली कादंबरीच उघडली.

वाचनवेडी, तुमचं म्हणणं पटतं, तरी एक सांगतो. या कथांतले नायक बहुतेक देखणे, कमावते आणि एकटे राहणारे असतात. त्यांना संध्याकाळी आईचा फोन येत नाही. चुलतभावाच्या लग्नात ‘आता तुझा नंबर’ म्हणणारी आत्या नसते. मला सुदामा नगरात भाड्याने खोली शोधणारे दोघे हवेत. गंमत म्हणजे खोली आम्हाला पटकन मिळते, दोन मित्र म्हणून. त्या ‘मित्र’ शब्दाखाली वर्षानुवर्षं राहायचं कसं, याची गोष्ट मला वाचायची आहे.

जीरावण

मी इथे सगळ्यांत लहान असेन. थाई बीएल मालिका, म्हणजे ‘बॉइज लव्ह’, मुलग्यांच्या प्रेमाच्या, बघून पुस्तकांकडे आले. मालिका ज्या कादंबऱ्यांवरून निघतात त्यांची भाषांतरं वाचून राहिले. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांना, दोन बायकांना कायद्याने लग्न करता येतं. त्या दिवशीचे फोटो बघून मी आणि माझी मैत्रीण खूप नाचलो. घरी माहीत नाही. पुढे कधीतरी सांगेन.

देवासकर

मी मूळचा देवासचा, आता मुलाकडे इंदुरात. सत्तरी ओलांडली आहे. देवास म्हटलं की आपल्या लोकांना माताजीची टेकडी आणि कुमार गंधर्व आठवतात. मला ई. एम. फॉर्स्टरही आठवतात. थोरल्या पातीचे, म्हणजे देवासच्या थोरल्या गादीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये खासगी सचिव म्हणून राहिला होता. १९१२-१३ च्या पहिल्या हिंदुस्थान दौऱ्यातही तो देवासला येऊन गेला होता. आमच्या राजवाड्यातली गोकुळाष्टमी त्याने मन लावून पाहिली आणि सविस्तर लिहिली. ‘द हिल ऑफ देवी’ हे त्याचं पुस्तक १९५३ चं. नावातली टेकडी आमचीच.

ते पुस्तक गावाच्या ओढीने वाचलं आणि मग लेखकाच्या मागे लागलो. त्यातून ‘मॉरिस’ हाती आली. पहिल्या दौऱ्याहून परतल्यावर १९१३-१४ मध्ये लिहिलेली ही कादंबरी त्याने हयातभर छापली नाही, विश्वासातल्या मित्रांना तेवढी वाचायला दिली. १९७० मध्ये तो वारला, १९७१ मध्ये पुस्तक आलं. मॉरिस हा शेअर दलालीच्या पेढीतला सुखवस्तू तरुण. अ‍ॅलेक हा जमीनदाराच्या इस्टेटीवर शिकारीची राखण करणारा नोकर. शेवटी दोघं सगळं सोडून एकमेकांबरोबर राहतात. त्या वेळी इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता, आणि १९६७ पर्यंत राहिला. पुस्तकाला जोडलेल्या टिपणात फॉर्स्टर सांगतो की शेवट सुखाचा असायलाच हवा होता, नाहीतर त्याने हे लिहायचे कष्टच घेतले नसते. नायकाला फासावर लटकवलं असतं तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, असंही तो म्हणतो. वाचनवेडी, तुमचा हट्ट शंभर वर्षांहून जुना आहे.

एक कडू गोष्ट मात्र सांगायला हवी. ‘द हिल ऑफ देवी’ लिहिताना त्याने देवासमधलं स्वतःचं खासगी आयुष्य गाळलं. राजवाड्यातल्या एका न्हाव्याशी त्याचे संबंध होते. त्याविषयीचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याला प्रेमकथा म्हणता येणार नाही. साहेब आणि चाकर यांच्यातली दरी त्यात आहे, क्रूरपणाही आहे. कादंबरीतल्या अ‍ॅलेकला त्याने बरोबरीची जागा दिली, आमच्या गावातल्या माणसाला दिली नाही. त्या न्हाव्याची बाजू आपल्यापर्यंत पोचलेली नाही, आणि मी देवासचा असल्यामुळे ते मला फार लागतं. तरीही ‘मॉरिस’ माझ्या उशाशी असते.

माझ्या स्वतःच्या आयुष्याविषयी इथे लिहीत नाही. तेवढं समजून घ्या.

वाचनवेडी

काका, समजलं. तुम्ही लिहिलंत, आम्हाला पुष्कळ झालं.

एक आई (लोकमान्य नगर)

मुलाने बारावीनंतर आम्हाला सांगितलं. सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या उशीवर एक चित्रकादंबरी ठेवून क्लासला गेला. अ‍ॅलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’. चार्ली आणि निक, इंग्लंडच्या शाळेतली दोन पोरं. माझं इंग्रजी बेताचं, पण त्यात चित्रं आहेत आणि वाक्यं छोटी.

मी त्या पुस्तकात आई शोधत होते. पोरांचं प्रेम नंतर बघू म्हटलं, आधी यांच्या आया काय करतात ते कळू दे. दुसऱ्या भागाच्या अखेरीस निक आईला सांगतो आणि ती त्याला जवळ घेते. मी ती पानं पुन्हा पुन्हा पाहिली, ती बाई उभी कशी राहते, हात कसे ठेवते. नंतर मुलाकडून मागून मागून आणखी वाचली. बऱ्याच पुस्तकांत आई एकतर रडते किंवा घराबाहेर काढते. नाहीतर लेखकाने तिला आधीच मारलेलं असतं, म्हणजे प्रश्नच मिटला. मला कशीनुशी होऊन जाणारी, रात्रभर जागणारी आणि सकाळी डबा भरून देणारी आई कुठे सापडली नाही. तशा आपल्याकडे खूप असतील.

मित्रा

मुद्दाम हे नाव घेतलं आहे. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ लिहिली, म्हणजे दोन बायकांचं प्रेम मराठी रंगभूमीवर केव्हाच येऊन गेलं आहे. नाटक जबरदस्त आहे. पण गोष्ट बापू सांगतो, आणि शेवटी मित्रा जीव देते. मी पंचविशीत ते वाचलं आणि काही दिवस कुणाशी बोलले नाही.

तुम्हा सगळ्यांच्या आनंदात मी सामील आहे, खरंच. फक्त विचारते, हजारो बायका दोन पुरुषांबद्दल इतक्या मायेने लिहितात, मग दोन बायकांबद्दल लिहिताना हात का आखडतो? मला स्कूटरवरून सराफ्यात जाऊन भुट्टे का कीस खाणाऱ्या आणि घरी परतून भांडणाऱ्या दोघी हव्यात. दोघीही म्हाताऱ्या होईपर्यंत जगलेल्या.

तटस्थ

एक शंका आहे, राग नसावा. ज्यांना हे आयुष्य जगावं लागतं त्यांच्यासाठी ते सोपं नाही. मग बाकीच्यांनी ते करमणूक म्हणून वाचणं योग्य आहे का?

निळी शाई

शंका रास्त आहे, मलाही पडते. काही कथांत आम्ही नुसते दोन सुंदर देह असतो, त्या मी चार पानांत सोडतो. मी एवढंच बघतो की त्या दोघांना बहीण आहे का, कर्ज आहे का, मतं आहेत का, त्यांचं पोट दुखतं का. हे असेल तर लिहिणारी बाई आहे की पुरुष, याने मला फरक पडत नाही. उलट इथे ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी मी ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा मोकळं बोललो आहे. माझं सुख कुणीतरी जागून वाचतं, त्यासाठी रडतं, हे मला आवडतं.

रात्रपाळी

निळी शाई, तुमचं वाचून मी लिहायलाच बसले. मराठीत, आणि गोष्ट इथलीच. एकजण बँकेत, दुसरा तबल्याच्या शिकवण्या करतो. भाड्याची खोली, वर घरमालकीण. पहिल्याच पानावर पोह्यांवर जीरावण किती घालायचं यावरून वाद. एका ठिकाणी अडले आहे. गॅसचं कनेक्शन, भाडेकरार, दवाखान्यातली सही, हे दोघं कसं निभावतील?

निळी शाई

भाडेकरार दोघांच्या नावे होतो. गॅस एकाच्याच नावावर, मग दुसऱ्याने विजेचं बिल आपल्या नावाने भरत राहायचं, म्हणजे त्याच्याकडेही पत्त्याचा काहीतरी कागद राहतो. दवाखान्यात ‘आतेभाऊ’ म्हणून सांगतात. ते सांगताना तुझ्या तबलजीला जे वाटेल त्यावर एक अख्खं प्रकरण लिही.

मित्रा

आणि घरमालकीण एकटी कशाला? तिची मैत्रीण राहू दे तिच्याबरोबर, कॉलेजपासूनची.

रात्रपाळी

मित्रा, हे लगेच घेतलं!

एक आई (लोकमान्य नगर)

बँकेतल्या मुलाची आई तिसऱ्या प्रकरणाच्या आत आण. तिला फार रडवू नकोस, प्रश्न विचारू दे, अगदी वेडेवाकडे असले तरी. तो जेवतो का नीट, हे ती पहिलं विचारेल.

रात्रपाळी

आणते, काकू. पहिलं प्रकरण रविवारी इथेच टाकते.