मदत हवी आहे: कैरोहून मुलांना वादी अल-हितानला कसे न्यावे?

नमस्कार. मी कैरोतील एका शाळेत विज्ञान शिकवते. इथली मुले परदेशी शिक्षिकेलाही इतक्या आपुलकीने सामावून घेतात की, शम अल-नसीमच्या सणाला त्यांच्या कुटुंबांसोबत नाईलकाठी बसून फसीख हा खारवलेला मासा, पातीचा कांदा आणि रंगवलेली अंडी खाताना मला परकेपणा जाणवलाच नाही. आता त्यांना फयूम भागातील वादी अल-हितान पाहायचे आहे. इवल्या मागच्या पायांच्या प्राचीन देवमाशांचे सांगाडे तिथे वाळूत उघड्यावर दिसतात आणि २००५ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. एका दिवसात जाऊन येणे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना झेपेल, की वादी अल-रय्यानच्या तळ्याकाठी मुक्काम करावा? शाळेची साधी बस शेवटपर्यंत जाते का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.