नॅरोगेजच्या जागेवर रस्ता करा म्हणणाऱ्यांना उत्तर

उमरेडकर
काल इथं एकानं लिहिलं, नॅरोगेजनं, म्हणजे छोट्या रुळांच्या गाडीनं, नागपूरला फाटकांपलीकडे काही दिलं नाही, आता नागपुरातल्या इतवारी स्टेशनपासून नागभीडपर्यंतची जुनी पट्टी मोकळी करा आणि सरळ रस्ता काढा. वाचून डोकं फिरलं. पहिली गोष्ट, ती पट्टी बेवारस पडलेली नाही. 25 नोव्हेंबर 2019 ला छोटी गाडी बंद झाली ती त्याच मार्गावर ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन, टाकायची म्हणून. 106 किलोमीटरची लाईन आहे ती, कोणाचा रिकामा प्लॉट नाही.

आणि "काही दिलं नाही" हे शहरात बसून म्हणता येतं. कुही, उमरेड, भिवापूर, नागभीड या गावांची इतवारीशी गाठ शंभरावर वर्षं त्या अडीच फुटी रुळांनीच राखली. भिवापूरची मिरची, दुधाचे कॅन, माहेरी निघालेली लेक, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात न्यायचा पेशंट, सगळं त्याच डब्यांत. आमच्याकडची फाटकं तर तुम्ही पाहिलीच नाहीत. कित्येक ठिकाणी गेटमनच नसायचा. गाडी अलीकडे थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून हातानं गेट लावायचा, गाडी पुढं सरकून परत थांबायची, तो गेट उघडून पळत येऊन शेवटच्या डब्यात चढायचा. तेवढ्यात बैलगाडीवाल्याची बिडीही संपायची नाही. कोणाचा खोळंबा झाला?

फाटकग्रस्त
माझा झाला. ती पोस्ट माझीच आहे. बाबांच्या छातीत दुखायला लागलं, ऑटोत टाकून निघालो आणि फाटक बंद. एक मालगाडी गेली, गेट उघडेना, मग दुसरी उलट्या बाजूनं. बाबा घामानं भिजलेले, मी गेटमनच्या पाया पडून राहिलो होतो. तो म्हणे सिग्नल दिलाय, आता माझ्या हातात काही नाही. बाबा वाचले. पण तेव्हापासून मला रुळांचं कौतुक ऐकवत नाही.

उमरेडकर
बाबा वाचले हे ऐकून बरं वाटलं. पण भाऊ, दोन मालगाड्या लागोपाठ म्हणजे ती ब्रॉडगेज. राग मोठ्या लाईनचा आणि शिक्षा छोट्या गाडीला?

सावनेरची सून
दोघांनाही एक सांगते. आमची नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी 1 डिसेंबर 2015 ला बंद झाली आणि मोठी 2021 मध्ये सुरू झाली. मधली पाच वर्षं आम्ही बसनं काढली. उमरेडकर, तुमची आठवण गोड आहे, पण भिमालगोंडीच्या घाटात गाडी रखडायची तेव्हा मांडीवर तान्हं लेकरू घेऊन लाकडी बाकावर मी बसलेली असायचे. मला ब्रॉडगेजच हवी होती. माझं भांडण एवढंच, की जुनी बंद करताना नवी कधी येणार हे कोणी धड सांगत नाही.

इतवारीकर
मूळ मुद्दा सोडून राहिले सगळे. नागपूरचा खरा मान म्हणजे मोहननगरजवळचं डायमंड क्रॉसिंग. दिल्ली, हावडा, चेन्नई, मुंबई, चारही वाटा तिथं एकमेकींना काटतात. जगात असं दुसरं नाही. ते जपा, नॅरोगेज गेली तर जाऊ द्या.

बीएनआरप्रेमी
हे वाचून वाचून कंटाळलो. रूळ तिथं एकमेकांना काटतात, कबूल. पण चेन्नईची आणि मुंबईची वाट नागपुरात वेगळी होतच नाही. अजनी, बुटीबोरी, सिंदी करत दोन्ही सेवाग्रामपर्यंत एकत्र जातात, तिथून एक बल्लारशाकडे वळते, दुसरी वर्ध्यावरून भुसावळकडे. मग चार वाटा मोहननगरात कशा काटतील? आणि रुळाला रूळ काटतो ती रचना जगभरात आहे.

इतवारीकर
तुम्ही पुस्तकं वाचा, मी तिथं लहानाचा मोठा झालो. चारही दिशांना जाणारे रूळ या डोळ्यांनी पाहिलेत.

बीएनआरप्रेमी
रूळ पाहिलेत, गाडी कुठं जाते ते पाहिलं नाही! मुंबईहून लोहमार्ग 1867 मध्ये इथं पोचला. पूर्वेची लाईन आली ती नागपूर-छत्तीसगड रेल्वेची, तीही मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची. 1887 मध्ये बीएनआर, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती ताब्यात घेऊन ब्रॉड केली. एवढा मोठा इतिहास असताना लोकांना एकच फोटो फिरवायचा असतो.

इतवारीकर
आवाज चढवू नका. आमचे वडील रेल्वेतच होते.

बीएनआरप्रेमी
माझेही होते. म्हणूनच राग येतो.

इतवारीकर
सेवाग्रामचं ठीक आहे, धरा तुमचंच खरं. क्रॉसिंग तर आहे ना? मग झालं.

सावनेरची सून
दोघांच्या वडिलांना नमस्कार. आता नागभीडकडे वळायचं का?

उमरेडकर
वळू या. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, इंजिनं तिथं जपलीत, चांगलंच आहे. पण इंजिन शहरात ठेवून लाईनवरची छोटी स्टेशनं पाडली तर आमच्या गावात काय उरलं? नागभीडला गोंदिया-चांदा फोर्ट लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉड झाली तेव्हाही जुनं काही राखायचं कोणाला सुचलं नाही. या खेपेला एकेका गावात निदान एक इमारत तरी ठेवा. आम्ही वाचनालय चालवू तिथं.

फाटकग्रस्त
इमारत ठेवा, माझी हरकत नाही. रस्त्याचाही हट्ट सोडतो. पण नव्या लाईनवर एकसुद्धा फाटक नको, हे तुम्हीही मागा. नुसती आठवण नका मागू.

उमरेडकर
मागतो. पण अंडरपास दिला तर पाण्याच्या निचऱ्यासकट द्यायला सांगा. धानाच्या बांध्यांतून लाईन जाते, आषाढात तिथं कंबरभर पाणी भरेल आणि फाटकावर थांबत होतो त्याहून जास्त वेळ थांबावं लागेल.

फाटकग्रस्त
हे मात्र बरोबर. अर्ज तुम्ही लिहा, सही मी करतो.