पाण्याचा हिशोब अंतरावर करा
पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी टप्प्यात एकट्याला दिवसाला दोन लिटर पाणी पुरेल का, असं एकाने विचारलंय. नाही हो, मुळीच नाही! आणि हिशोब दिवसाचा नकोच, पुढच्या खात्रीच्या पाण्यापर्यंतच्या अंतराचा करा. उदाहरणार्थ, याच वाटेवर सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग हा झरा साधारण ३८ किलोमीटर. मध्ये स्वयंसेवक पाणी ठेवतात, पण ते असेलच असं धरून चालू नये. मी सहा लिटर घेतलं, म्हणजे पाठीवर सहा किलो नुसतं पाणी. पहिल्याच चढावर स्वतःला शिव्या घातल्या, दुपारी मागे घेतल्या.

खरी गंमत पुढे मोहावे वाळवंटात. तिथे वाट काही अंतर लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या, १९१३ साली सुरू झालेल्या जलवाहिनीवरून जाते. पायाखाली शहराचं पाणी, वर झाकण, आणि आपण बाटलीतले घोट मोजतोय! हा पट्टा बरेच जण रात्री चालतात. मीही पहाटे दोनला निघालो. हेडटॉर्च हवाच, कारण रॅटलस्नेक रात्रीही हिंडतात. दिवसा चंदेरी छत्री झकास, वारा सुटेपर्यंत.